चार बोटांचा फरक

झोप लागली आहे की अजून लागायची आहे, हे शिदबाला सांगता येणार नाही. पाठीखाली गोणपाट आहे. उशाशी ट्रकचं मागचं डावं चाक आहे. वर, हात लांबवला तर लागेल एवढ्या उंचीवर ट्रकचं पोट आहे, आणि तिथं मागच्या आसाच्या मधोमध घागरीसारखा लोखंडी फुगवटा आहे. फुगवट्याच्या तळाशी तेलाचा एक थेंब जमतो आहे. जमतो, लांबट होतो, चमकतो, पण पडत नाही. हा पडला की डोळे मिटायचे, असं ठरवून शिदबा बघत राहतो, आणि थेंब पडायच्या आधीच त्याच्या पापण्या पडतात.

अंगणात दुपारचं ऊन आहे. आत हौसावहिनी जेवणाची भांडी घासते आहे. तो आवाज हळूहळू लांब जातो आहे.

उन्हं कलली की त्याला घाटाखाली जायचं आहे. श्रावणात वीज पडून वाडीचा डीपी, विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला, तेव्हापासून डोंगरमाथ्याच्या सड्यावरची सगळी घरं अंधारात आहेत, आणि आता दिवाळी तोंडावर आली आहे. नवा डीपी काल घाटाच्या पायथ्याशी येऊन पडला. आणणाऱ्या गाडीनं पहिल्याच चढाला हात टेकले. तो वर चढवील अशी गाडी आसपासच्या गावांत एकच, चारही चाकांना जोर देणारा हा ट्रक. शिदबाचे थोरले भाऊ रावजीअण्णा फौजेत असलेच ट्रक चालवायचे. रिटायर झाल्यावर मिलिटरीच्या लिलावातून त्यांनी हा घरी आणला. शिमग्याच्या सुमारास अण्णा गेले, आणि इतकी वर्षं त्यांच्या शेजारी क्लीनर म्हणून बसलेला शिदबा स्टिअरिंगवर आला.

तेव्हापासून ट्रक आडमुठा झाला आहे. एरवी मागचीच चाकं गाडी ढकलतात. चढाला एक दांडा ओढला की पुढचीही जोडली जातात. पण आता घाटातल्या सिमेंटच्या पट्ट्यावर तो दांडा ओढला की गाडीच्या पोटात काहीतरी कण्हायला लागतं, दांडा अडकून बसतो, आणि मग कट् असा आवाज येतो. मागच्या खेपेला हा आवाज घोणशीच्या वळणावर झाला आणि ट्रक मागं सरकला. रिकामा होता म्हणून चाकाखाली दगड लावून निभावलं. आज पाठीवर डीपी असेल, आणि डीपीला दोर लावून वाडीतली माणसं मागून चालत असतील.

गडहिंग्लजच्या मुल्ला मिस्त्रींनी गिअरची पेटी उघडली, तुटलेला दात बदलला, आणि शिदबाला बाजूला घेऊन सांगितलं की दोष पेटीत नाही, टायरांत आहे. पुढचे दोन कोरे, मागचे दोन झिजून गोटा झालेले. हे एकमेकांना बांधून चालायचे नाहीत. शिदबानं मान हलवली आणि ऐकलेलं पोटात ठेवलं. कोरे टायर चार आणले होते. त्यांतले दोन अजून गोठ्यात भिंतीला टेकून उभे आहेत. पण मागचे दोन काढायचे कसे? ते अण्णांनी शेवटच्या दिवशी स्वतःच्या हातानं बसवलेले. रिमोल्डचे होते, जुन्यावरच नवं रबर चढवलेले, घाटाच्या दगडांवर केव्हाच झिजले. त्या दुपारी अण्णांनी नट आवळले, हात धुतले, चहा टाक म्हणून आत सांगितलं, आणि चहाला उकळी येईपर्यंत सोप्यातल्या खांबाला टेकून बसले ते बसलेच. त्या नटांना त्यांच्यानंतर कुणाचा पान्हा लागलेला नाही. वहिनी रोज सकाळी ते फडक्यानं पुसते. खंडेनवमीला सगळ्या ट्रकला हार घातला, पण हळदीकुंकू वाहिलं ते त्याच दोन चाकांना. कोरे टायर आले तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "पुढं घाला, भावजी. मागचं ऱ्हाऊ द्या."

नवी सून म्हणून या घरात आल्यापासून शिदबाला तिनंच वाढवला आहे. तिच्यापुढं त्याची जीभ उचलत नाही. मग तो स्वतःचीच समजूत घालतो, की पुढच्या-मागच्या टायरांच्या घेरातल्या चार बोटांच्या फरकानं एवढी मोठी गाडी काय अडते.

"चार बोटं म्हंजे थोडी वाटत्यात व्हय तुला?"

चाकापाशी अण्णा उकिडवे बसले आहेत. अंगात खाकी सदरा आहे, बाह्या दुमडलेल्या. मांडीवर तंबाखूची चंची उघडी आहे. ती चंची चितेवर त्यांच्या छातीशी ठेवली होती, हे शिदबाला नीट आठवतं. आठवतं, आणि तरी त्यात काही वावगं वाटत नाही. उलट इतके दिवस अण्णा तंबाखूवाचून कसे राहिले असतील, याचंच त्याला वाईट वाटतं.

अण्णा त्याला अंगठा पुढं करायला सांगतात. डबीतला चुना बोटावर घेतात आणि त्याच्या अंगठ्यावर थापतात. चुना गार लागतो, मग चुरचुरतो. जिथं टायर जमिनीला टेकला आहे तिथं ठसा उठव, पुढच्याला एक, मागच्याला एक, असं ते सांगतात, आणि शिदबा गुडघ्यांवर रांगत तसं करतो. काळ्या रबरावर दोन पांढरे ठिपके.

"आता ढकल."

"येवडा ट्रक, अण्णा?"

"पाळणा ढकलल्यासारका ढकल. रडाय लागला तर थांबू."

शिदबा तळहात लावतो आणि ट्रक खरोखरच पाळण्यासारखा हलतो. अंगणाची भिंत कुठं गेली ते कळत नाही. तुळस मागं पडते आणि पायाखाली घाटातला सिमेंटचा रस्ता आहे. चाकं एक फेरा घेतात. पुढच्या चाकाचा चुना पुन्हा जमिनीला लागतो आणि रस्त्यावर एक गोल, स्वच्छ ठिपका पडतो. मागच्या चाकाचा चुनाही लागतो, पण तिथं ठिपका पडत नाही. तिथं फरफटल्यासारखी रेघ उमटते. शिदबा वाकून बोटं लावतो. बरोबर चार बोटं.

पुढच्या फेऱ्याला पुन्हा तेच. पुढं ठिपका, मागं रेघ. ठिपका, रेघ.

अण्णा मान वळवून मागं दाखवतात. शिदबा वळून बघतो. सगळा घाट खाली उलगडलेला आहे, वळणावर वळण, पार पायथ्यापर्यंत. त्याच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची एक माळ आहे, आणि तिच्याशेजारी रेघांची दुसरी. शिमग्यापासून जेवढ्या खेपा झाल्या तेवढ्या सगळ्या रेघा. कुणीतरी नखांनी डोंगर ओरबाडत वर आलं असावं, तसा तो घाट दिसतो.

"ही समदी चार चार बोटं गेली कुटं, अण्णा?"

अण्णा हातानं थांब म्हणतात. गार वारा सुटतो. तांबड्या दगडावर काहीतरी भुरभुरायला लागतं, आणि बघता बघता डोंगर पांढरा होतो. शिदबानं जन्मात बर्फ पाहिलेला नाही, पण अण्णांच्या तोंडून इतकं ऐकलं आहे की तो त्याला ओळखीचा वाटतो. एका मागोमाग एक ट्रक निघाले आहेत, चाकांना साखळ्या बांधलेल्या, दिवे मंद. आवाज कसलाच नाही. अण्णा तरुण आहेत, मिशी काळी आहे, फक्त हात म्हातारपणचे आहेत. त्या हातांनी ते सांगतात, की बर्फात किंवा चिखलात चाक जरासं घसरतं, आणि पुढच्या-मागच्यातला फरक त्या घसरण्यात जिरून जातो. कुणाला पत्ताही लागत नाही. सिमेंटवर चाक घसरत नाही. तिथं फरक जिरत नाही.

"मग?"

"मग गाडीच्या पोटात साठतो. साठत साठत जातो, आन् एक दिवस कुणाच्या तरी दातावर निगतो."

बर्फातून चालता चालता अण्णा वाकतात, मागच्या आसावरच्या फुगवट्याला हात लावतात आणि देवळाचा दरवाजा ढकलावा तसा तो ढकलतात. डोकं सांभाळ, असं सांगून आत जातात.

आत सभामंडपाएवढी जागा आहे. पायाखाली घोट्याइतकं कोमट तेल आहे, मधाच्या रंगाचं, आणि त्याला जुन्या लोखंडाचा वास आहे. समोर दातांचं एक प्रचंड चाक उभं आहे, त्याचा वरचा काठ अंधारात हरवलेला. ते अगदी सावकाश फिरतं आहे. एकेक दात तेलातून वर येतो, निथळतो, वर निघून जातो. शिदबानं किती वेळा या फुगवट्यातलं तेल काढलं आहे, नवं भरलं आहे, बूच लावलं आहे. आत काय आहे, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याच्या पायांतून चप्पल केव्हा निघाली ते त्याला कळत नाही. तो अनवाणी उभा आहे.

मंडपाच्या डाव्या आणि उजव्या अंगाला दोन भुयारं आहेत. प्रत्येकाच्या टोकाला उजेडाचा एक गोल तुकडा दिसतो. ती दोन चाकं. मधोमध चार लहान दंतचक्रं एकमेकांच्या हातात हात गुंतवून फुगडी घालत आहेत.

अण्णा अगदी हळू आवाजात बोलतात, देवळात बोलतात तसं. "वळण आलं बघ."

सगळा मंडप कलतो. बाहेरच्या बाजूच्या चाकाला लांबचा पल्ला आहे, आतल्याला जवळचा. डाव्या भुयारातला उजेड भराभर फिरायला लागतो, उजव्यातला रेंगाळतो. आणि मधली ती चार लहान चक्रं, काही न विचारता, कुणाला न दुखवता, एकाकडचं काढून दुसऱ्याला देत राहतात. कुठं करकर नाही, ओढाताण नाही. वळण संपतं, दोन्ही उजेड पुन्हा एका चालीवर येतात, आणि चक्रं अशी निवांत होतात की जणू काही झालंच नव्हतं. एवढ्या वर्षांच्या एवढ्या वळणांना, तो शेजारी बसून पेंगत असताना, इथं अंधारात हे चाललं होतं.

"हे साधं," अण्णा सांगतात. "गुणाचं हाय, पण भोळं. एक चाक चिखलात फसलं की समदा जोर त्येलाच देऊन बसतं. दुसरं बघत ऱ्हातं."

ते कंदील उचलतात. कंदील कुठून आला हे शिदबा विचारत नाही. शेजारच्या मंडपात फुगडीच्या दोन्ही अंगांना पातळ चकत्या रचून ठेवल्या आहेत, भाकरीवर भाकरी ठेवावी तशा. एक चाक उधळायला लागलं की या चकत्या एकमेकींना घासतात आणि पळणाऱ्याचं मनगट धरतात. सोडत नाहीत, पण आवळतही नाहीत. हे महागाचं, आपल्याकडं नाही, असं अण्णा म्हणतात आणि एखाद्या श्रीमंत पाहुण्याच्या घरातून निघावं तसे लगबगीनं निघतात. तिसऱ्या मंडपात एक जाड खिट्टी आहे. ती खट् करून पडते आणि दोन्ही भुयारं एकच होतात. सरळ चढाला असं कुलूप बरं. पण त्याला वळता येत नाही. वळायचं म्हटलं की काहीतरी मोडावंच लागतं.

शिदबा विचारात पडतो. डाव्या-उजव्याच्या मधे कुणी ना कुणी बसलेलं आहे. मग त्याला ते सुचतं, आणि सुचल्याबरोबर विचारायची भीती वाटते.

"अण्णा, दांडा ओढल्यावर पुढचं आन् मागचं जोडलं जातं. त्या दोघांच्या मधी कोण असतं?"

अण्णा कंदील वर धरतात. समोर चौथी जागा आहे. भिंती आहेत, छत आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ लोखंडी पट्टी आहे, आणि बाकी काही नाही. फुगडी नाही. चकत्या नाहीत. देणारं-घेणारं कुणी नाही.

"आपल्या गाडीत कोन न्हाई," अण्णा म्हणतात. "म्हून चारी टायर सारकं लागत्यात. सारकं नसलं तर फरक कुनीतरी झेलावा लागतो."

त्या रिकाम्या जागेत एक पाट मांडलेला आहे. अण्णा कंदील खाली ठेवतात आणि सवयीनं जाऊन त्या पाटावर बसतात. एक हात पुढं, एक हात मागं. कुठंतरी दांडा ओढल्याचा आवाज होतो. पट्टी ताणली जाते, कण्हायला लागते. ते कण्हणं शिदबाच्या ओळखीचं आहे. घाटात तो दर खेपेला ते ऐकतो.

"तुमी बसलाय हितं?"

"मग कोन बसनार? डाइवर न्हवं मी?" अण्णा हसतात. "तू पुडं चाललास, मी मागं बांदलेला. तुजं पाऊल माज्यापरास चार बोटं लांब पडतं. रागवत न्हाई मी. मी झिजलोय, तू कोरा हाईस, तसंच हुनार. पर बांदून चाललोय आपुन. दर फेऱ्याला चार बोटं फरफटतो."

ते पाय लांब करतात. कंदिलाच्या उजेडात शिदबा त्यांचे तळपाय बघतो. भेगाळलेले, काट्यांच्या खुणांचे, लहानपणी त्यानं चेपलेले ते तळपाय आता तसे नाहीत. त्यांच्यावर एक भेग नाही, एक रेघ नाही. नदीतल्या दगडासारखे गुळगुळीत आहेत. गोटा.

शिदबा तेलात गुडघे टेकतो. तळपाय हातात घेतो. ते कोमट आहेत. त्याला रडू येत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढं रडू बारीक वाटतं. तो एवढंच विचारतो, की तुम्हाला कुणी धरून ठेवलंय.

"धरून कोन ठिवतंय. नट आवळल्यात." अण्णा चंचीची दोरी गुंडाळत म्हणतात, "मीच आवळल्यात म्हना. त्या दिशी जरा जास्तच जोर लागला."

आता ते स्वयंपाकघर आहे. तेल नाही, पायाखाली सारवलेली जमीन आहे. चुलीवर चहा उकळतो आहे आणि हौसावहिनी पाठमोरी बसली आहे, हातात कपबशी घेऊन. चहा उतू जातो, पुन्हा भांड्यात दिसतो, पुन्हा उतू जातो. अण्णा उंबऱ्यावर उभे आहेत. आत येत नाहीत. तिच्या पाठीकडं ते ज्या नजरेनं बघतात, तशी नजर शिदबानं त्यांच्या डोळ्यांत जिवंतपणी पाहिली नव्हती.

"तिला सांग," अण्णा म्हणतात. मग सदऱ्याची बाही खाली ओढतात. "सांग, रोज पुसतीस ते लागतं मला. लई बरं वाटतं. आता पुसू नगंस म्हनावं. सोड."

"मला न्हाई सांगता यायचं, अण्णा. तुमीच सांगा."

"मला आवाज कुटं हाय, येड्या? तुज्या आंगठ्याला चुना दिलाय न्हवं?"

थेंब पडतो.

तो शिदबाच्या कपाळावर पडला आहे, कोमट, जड. वर ट्रकचं पोट आहे, फुगवटा आहे, बंद. चाकाच्या सावलीचा काठ सरकून त्याच्या छातीवर आला आहे. वहिनी पदराला हात पुसत बाहेर येते आणि म्हणते, "उटा भावजी. वाडीतली मानसं दोर घिऊन खाली गेली बी."

शिदबा उठून बसतो. कपाळावरचं तेल पुसायला हात वर करतो, आणि तो हात मधेच थांबतो.

वहिनीची नजरही तिथंच थांबलेली असते.

त्याच्या डाव्या अंगठ्यावर चुना आहे. चांगला थापलेला, पांढराशुभ्र. शिदबा तंबाखू खात नाही, पान खात नाही. चंची चितेवर गेल्यापासून या घरात चुन्याची डबी नाही.

वहिनी जवळ येते. त्याचं मनगट धरते, अंगठा उजेडात धरून बघते, मग वास घेते. रस्त्यावरून कुणाची तरी म्हैस जाते, तिच्या गळ्यातलं लोढणं वाजतं.

"काय म्हनालं?" ती विचारते.

शिदबा सगळं सांगायला जातो. घाटावरच्या रेघा, बर्फ, ती फुगडी, तो पाट. पण त्यातलं काहीच तोंडातून निघत नाही. निघतं ते एवढंच, "पाय झिजल्यात त्यांचं, वैनी. पार गोटा झाल्यात."

वहिनी मागच्या चाकाकडं बघते. सकाळीच पुसलेले नट उन्हात चमकत आहेत. त्यांच्या कडांना खंडेनवमीचं कुंकू अजून अडकलं आहे. ती खाली बसते, टायरवर तळहात ठेवते आणि सावकाश फिरवते. गुळगुळीत. हाताला कुठं काही लागत नाही. रोज नट पुसले, पण हा हात तिनं रबरावर फिरवला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

"पान्हा आना," ती म्हणते.

शिदबा पान्हा आणतो आणि नटाला लावतो. पण तो दाबायच्या आधी ती त्याला बाजूला करते. पदर खोचते, दोन्ही हातांनी दांडी दाबते. नट हलत नाही. पुन्हा दाबते. तिच्या कपाळावर घाम येतो, आणि ओठांच्या कोपऱ्यात कसलंसं हसू येतं. "आवळल्यात बगा कसं," ती म्हणते, नवऱ्याच्या जेवणाची तक्रार करावी तसं. मग एका हातानं ट्रकच्या फळीला धरून ती पान्ह्याच्या दांडीवर पाय ठेवते आणि सगळं अंग त्यावर सोडते.

कट्.

घाटात होतो तोच आवाज, पण इथं तो मोकळा आहे. नट सुटतो. वहिनी दांडीवरून उतरते आणि पुढचे सोडायला शिदबाला खूण करून गोठ्याकडं चालू लागते, कोरे टायर बघायला. पाठमोरी असताना ती दोन्ही डोळे पदरानं पुसते.

शिदबा पहिला नट बोटांनी फिरवून काढतो आणि तळहातावर घेतो. नट गरम आहे. त्याच्या एका कडेला शिदबाच्या अंगठ्याचा पांढरा ठसा उमटतो. शिदबा तो बोटानं चाचपून बघतो.

चुना अजून ओला आहे.